व्याह्यांची लेक्सस आणि माझी कॅम्री

५ मे
सकाळी गार, दुपारी एकवीस अंश. बाराव्या पेटीतली राणी अंडी घालेना. लक्ष ठेवायला हवं.

ही वही मधपेट्यांची. तीस वर्षांत हिच्यात मी माश्यांखेरीज कुणाबद्दल चार ओळी लिहिलेल्या नाहीत. पण शनिवारी तोगजानची पाठवणी आहे आणि डोक्यात दुसरं काही शिरतच नाही. एकुलती एक मुलगी. जावई चांगला आहे, शांत आहे, दात किडलेले नाहीत. धास्ती आहे ती व्याह्यांची.

व्याही म्हणजे दोसिमखान साहेब. अल्माटीला रस्ते खात्यात उपप्रमुख. सोयरीक ठरवायला आले ते करड्या सुटात, काळ्या लेक्ससमधून. गाडी अशी, की आमच्या अंगणातल्या कोंबड्यासुद्धा बाजूला उभ्या राहून बघत होत्या. मी माझी कॅम्री मुद्दाम शेडमागे नेऊन लावली. कनिपा म्हणाली, "लपवताय कशाला? चोरीची आहे का?" बायकांना या गोष्टी कळत नाहीत.

कॅम्री अकरा वर्षांची. मागे हूक, हुकाला ट्रेलर, ट्रेलरवर पेट्या. दर वर्षी मे संपायच्या आत चाळीस पेट्या वर पठारावर न्यायच्या असतात. खाली पांढरी बाभूळ फुलून गेली की माश्यांना इथे काही उरत नाही. वेळेवर वर गेल्या तर वर्षाचा मध, नाही गेल्या तर वर्ष वाया. त्या गाडीवर माझं घर चालतं, पण हे सुटातल्या माणसाला कसं सांगणार?

११ मे
पेट्यांकडे फिरकलोही नाही. काल जे झालं ते लिहितो, म्हणजे छातीवरचं ओझं थोडं कमी होईल.

समारंभ झकास झाला. मेंढ्याचं डोकं व्याह्यांसमोर ठेवलं, त्यांनी ते नीट कापून मान राखून वाटलं. घोड्याचं मांस मऊ शिजलं होतं. बायका रडल्या, मीही शेडमागे जाऊन थोडा रडलो. वरात निघायची वेळ झाली. व्याह्यांनी लेक्सस सुरू केली, इंजिन छान बोललं, आणि खालून कडकन आवाज. गाडी जागची हलेना. इंजिन चालू, चाकं गप्प. साहेबांच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. दोन्हीकडची साठ माणसं बघत होती.

मला त्यांची दया आली. अगदी मनापासून आली, हे इथे नोंदवतो, कारण पुढच्या सगळ्या घोळाला तीच जबाबदार आहे. त्याच वेळी कनिपाने व्याह्यांना पांघरायचा चपान, मानाचा लांब झगा, माझ्या हातात दिला. मी विचार केला, माणसाला घरी तर पोचायला हवं, माझी गाडी घेऊन जाऊ दे, दोन दिवसांनी परत आणून देतील. म्हणून उजव्या हाताने त्यांच्या खांद्यावर चपान घातला आणि डाव्या हाताने कॅम्रीची किल्ली त्यांच्या हातात ठेवली.

चपान आणि किल्ली. एकदम. सगळ्यांच्या देखत.

बाइझाक आजोबा, आमच्या भावकीतले सगळ्यात थोरले, काठी आपटून ओरडले, "बघा रे! तेमिरगालीने व्याह्याला घोड्यावर बसवलं!"

झालं! आमच्या पणजोबांच्या काळी व्याह्याला चपानाबरोबर घोडा द्यायचे, त्याहून मोठा मान नाही. हल्ली बडी माणसं घोड्याच्या जागी गाडी देतात. टाळ्या पडल्या. बायकांनी माझ्यावर गोळ्या-चॉकलेटं उधळली. एक माझ्या डोळ्यात गेलं. आजोबांनी तळवे वर करून आशीर्वाद दिला, साठ माणसांनी तोंडावरून हात फिरवले, आणि त्यानंतर "अहो, मी फक्त घरी जाण्यापुरती दिली" असं म्हणायला जो तोंड उघडेल तो माणूसच नव्हे.

व्याह्यांनी एकदा बंद पडलेल्या गाडीकडे पाहिलं. मग छातीवर हात ठेवून म्हणाले, "मग माझा काळा तुमच्या दावणीला राहू दे, व्याही. घोड्याला घोडा." आणि लेक्ससची किल्ली माझ्या हातात दिली. आवाज जरा कापत होता. एवढा मान मिळाल्यावर कुणाचाही कापेल.

माझी मुलगी माझ्याच गाडीत बसून गेली आणि दोघी परत यायच्या नाहीत.

१२ मे
बाराव्या पेटीत अंडी दिसली. कनिपा माझ्याशी बोलत नाही. बोलली ते एवढंच, "दोन हात आहेत म्हणून दोन्ही एकदम चालवायचे असतात का?"

मी म्हटलं, फोन करून सरळ सांगतो. ती म्हणाली, "सांगा. मग तोगजान त्या घरात जन्मभर, बापाने घोडा परत मागितला त्याची मुलगी. भांडी घासताना ऐकेल, पोरं झाली की पोरं ऐकतील." फोन खाली ठेवला.

१५ मे
बाभळीला तुरे आले. दोन आठवडे, फार तर.

अब्लिझला बोलावलं. हा आमच्या गल्लीच्या टोकाचा मेकॅनिक, उइगुर, हात सोन्याचे आणि जीभ तिखट. त्याने लेक्सस जॅकवर चढवली, खाली सरकला आणि खालूनच हसायला लागला.

"आगा, ही तुमचीच गाडी आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे खाली या आणि बघा. हा सांगाडा तुमच्या कॅम्रीचा. थोडा लांब केलाय, मागे पाय पसरता यावेत म्हणून. पुढचं सगळं तेच. इंजिन तेच, अडीच लिटर. एकाच आईची दोन पोरं. एकाला मखमली टोपी घातली, दुसऱ्याला सांगितलं, जा, गुरं राख."

मी चिखलात पाठ टेकून खाली गेलो. अकरा वर्षं कॅम्रीचं पोट मी पाहतोय, ओळख पटायला वेळ लागला नाही. चाक फिरवणारा उजवा शाफ्ट तुटला होता. अब्लिझ म्हणाला, बाजारातून कॅम्रीचा आणतो, चपखल बसेल. मग त्याने डाव्या शाफ्टवर बोट ठेवलं. त्यावर पिवळ्या रंगाचा पट्टा होता. जुन्या सुट्या भागांच्या बाजारात मारतात तो.

"हा तर आधीच कॅम्रीचा बसवलाय. तुमचे साहेब गुपचूप बाजारात जाऊन आलेत."

खोटं कशाला लिहू, मला आनंद झाला. चांगलाच झाला. लेक्ससवाले साहेब जुन्या बाजारात, पिवळ्या पट्ट्याचा शाफ्ट काखेत मारून! पण मग वाटलं, बिचाऱ्याला किती लाज वाटत असेल. अब्लिझला म्हटलं, हे बाहेर कुठे बोलायचं नाही. तो म्हणाला, "मी डॉक्टर आहे. पोटातलं पोटात."

संध्याकाळी गाडी आतून साफ केली. मागच्या सीटच्या खिशांत पुदिन्याच्या गोळ्या, दोन्हीकडे पाण्याच्या छोट्या बाटल्या. डिकीत इस्त्रीचा पांढरा शर्ट, टाय, कपड्यांचा ब्रश, दोन मोठ्या छत्र्या. आणि एक पांढरी पाटी, पुसून पुसून धुरकट झालेली. तिच्यावर इंग्रजी अक्षरांत कुणा परदेशी माणसाचं नाव आणि खाली विमानाची वेळ, दोन्ही अर्धवट पुसलेलं. किती माणसांचा माणूस आहे हा! पाहुणा आला की त्याचं नाव लिहून स्वागत करतो. आमच्याकडे पाहुण्याला नुसतं "या" म्हणतात.

कनिपाला पाटी दाखवली. तिने ती दोनदा वाचली. मग म्हणाली, "होती तिथेच ठेवा. आणि कुणाला सांगू नका." मी कशाला सांगू? पाटीत सांगण्यासारखं आहे काय?

१८ मे
तोगजानचा फोन. खुशीत आहे. सासू मायाळू आहे, चहात दूध भरपूर घालते.

मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "गाडी बरी आहे ना?"

"कुठली? अहो बाबा, ती आम्हाला दिसतच नाही. सासरे सकाळी सहाला सूट घालून निघतात ते अंधार पडल्यावरच येतात. रविवारीसुद्धा."

"ऑफिस लांब आहे का?"

"चालत वीस मिनिटं. सासूबाई म्हणतात, काळी गाडी होती तेव्हा लवकर घरी यायचे. आता दुप्पट फिरावं लागतं."

म्हणजे लेक्ससमध्ये त्या माणसाला कधी मजाच आली नव्हती. माझ्या कॅम्रीत बसल्यावर कळलं, गाडी काय असते ते. अभिमान वाटला. मग रात्रभर जीव जळत राहिला. माझ्या गाडीचं तेल कोण तपासतंय? तिसरा गिअर थंडीत अडतो, सांगितलंय कुणी त्यांना?

कनिपाने हे सगळं ऐकलं आणि काही न बोलता ताट उचललं. हल्ली तिचं हे वाढलंय.

२२ मे
बाभूळ भरात. माश्या वेड्या झाल्यात. वर जायला आठ दिवस आणि गाडी कुणाकडे मागणार? या दिवसांत ज्याच्याकडे गाडी आहे त्याच्याकडे पेट्याही आहेत.

अब्लिझने शाफ्ट बसवला, लेक्सस सुतासारखी चालते. मी त्याला गमतीत म्हटलं, आता हिला हूक बसव. तो गमतीत नव्हता. पुन्हा खाली सरकला.

"भोकं आहेत."

"कसली?"

"हुकाची. कॅम्रीला जिथे आहेत तिथेच. कारखान्यात दोघींना एकाच साच्यात पाडली ना. फक्त इथे रबराची टोपणं लावलीत. लेक्ससवाला कशाला ट्रेलर ओढेल?"

एका तासात हूक बसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्याच्या, नव्हे माझ्याच, पण खरं तर दुसऱ्याच्या काळ्या लेक्ससच्या मागे माझा गंजका ट्रेलर.

२६ मे
चार पहाटा, चार खेपा, चाळीस पेट्या. सगळ्या वर पोचल्या. चौथ्या खेपेला एक झाकण सरकलं आणि पाच-पन्नास माश्या गाडीत शिरल्या. कातडी सीटवर बसून काचेतून बाहेर बघत आल्या. एकही चावली नाही.

गावातून जाताना जो तो थांबवायचा. दूधवाली म्हणाली, "तेमिरगाली, राणीचं लग्न आहे का? गाडी सजवली नाहीत ती!" शाळेच्या शिपायाने हात वर करून सलाम ठोकला. बाइझाक आजोबांनी मात्र काठी रोवून सगळ्यांना सांगितलं, व्याह्याने दिलेला घोडा कामाला लावला, याला म्हणतात मान राखणं. तेवढ्यापुरता मी ताठ बसलो.

आता एक कबुली. सीट पाठीला अशी धरून ठेवते की चौथ्या खेपेला माझी कंबर दुखली नाही. आवाजही आत येत नाही. पण स्टिअरिंग तेच, चढावर इंजिन कण्हतं तेही तसंच. वळणावर दोनदा माझा हात रेडिओच्या तुटक्या बटणाकडे गेला, आणि इथे बटण तुटलेलं नव्हतं. ओळखीचा माणूस नव्या कपड्यांत भेटावा तसं वाटत राहिलं. तरी मला माझी हवी. वर माश्यांजवळ कुणी नव्हतं, तिथे मोठ्याने म्हटलं, "मला माझी गाडी हवी."

खाली पोटाला एके ठिकाणी खरचटलं. तेही मनाला लागलंय.

२८ मे
कनिपा आतल्या खोलीत दार लावून विहीणबाईंशी तासभर फोनवर बोलत होती. बाहेर आली तेव्हा डोळे लाल. म्हणाली, रविवारी त्यांनी जेवायला बोलावलंय, आपली सगळी भावकी घेऊन.

मी म्हटलं, उत्तम. तिथे मी त्यांना बाजूला घेतो आणि माणसासारखं सांगतो की गैरसमज झाला.

"तुम्ही तोंड उघडलंत तर मी वर पठारावर जाऊन तुमच्या माश्यांत राहीन."

"मग करू काय?"

"गाडी धुवा. हूक काढा. आतलं जे जिथे होतं ते तिथेच ठेवा. आणि रविवारी ते जे देतील ते घ्या आणि तुमच्या हातात जे असेल ते द्या. एवढं जमेल?"

जमेल, म्हटलं. समजलं काही नाही.

३१ मे
हूक काढला, टोपणं लावली. पोटावरच्या खरचट्यावर अब्लिझने काळा रंग मारला. सीटच्या खिशातल्या पुदिन्याच्या गोळ्या संपत आल्या होत्या (दोन मी खाल्ल्या, चारेक कनिपाने). रिकाम्या खिशांसकट गाडी न्यायची बरी दिसेना. त्यांच्याकडे एवढे पाहुणे येतात. म्हणून प्रत्येक खिशात बाभळीच्या मधाच्या छोट्या बाटल्या ठेवल्या, बोटभर उंचीच्या, एकूण चोवीस. पाण्याच्या बाटल्या नव्या आणल्या. शर्टाला कनिपाने पुन्हा इस्त्री केली.

पाटी ओल्या फडक्याने घासून लख्ख पांढरी केली. तिच्याबरोबरचा मार्कर वाळला होता. गावातून नवा आणून ठेवला, काळा, जाड टोकाचा. लांबूनही वाचता यावं.

१ जून
पाऊस नाही. वर सगळं ठीक असणार.

व्याह्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या. मला वाटलं होतं, मोठं असेल. विहीणबाईंनी मात्र असं वाढलं की भिंती सरकल्यासारखं वाटलं. तोगजान डोक्याला पांढरा रुमाल बांधून चहा ओतत होती आणि माझ्याकडे बघून हसत होती. एवढ्यावरच मी परत गेलो असतो. व्याही थकलेले दिसले. सूट तोच करडा, कोपरावर घासून चकाकलेला. डोळ्यांखाली काळं. मी म्हटलं, "व्याही, जरा आराम करत जा. ऑफिस कुठे पळून जात नाही." विहीणबाईंच्या हातातला चमचा खाली पडला. कनिपाने उचलून दिला.

निघताना खाली अंगणात व्याह्यांनी माझ्या खांद्यावर चपान घातला. निळा, सोनेरी काठाचा. आणि त्याच हाताने किल्ली ठेवली. माझ्या कॅम्रीची! माझीच, तोगजानने शाळेत विणलेली लोकरीची माशी लटकलेली!

बाइझाक आजोबा पुन्हा काठी आपटायला सज्जच होते. "घोड्यावर बसवलं!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. कनिपा समोरच उभी होती. माझा हात आपोआप छातीवर गेला आणि मी म्हणालो, "मग माझा काळा तुमच्या दावणीला, व्याही. घोड्याला घोडा." टाळ्या, आशीर्वाद, चॉकलेटं. या वेळी डोळे मिटून घेतले. आजोबा परत येताना सारखे म्हणत होते, अशी दिलदार दोन माणसं या खोऱ्यात झाली नाहीत, तीन आठवड्यांत एकमेकांना चार घोडे दिले!

कॅम्रीत बसलो आणि तुटक्या बटणाने रेडिओ लावला. रडू आलं, ते मी खिडकीतून येणाऱ्या वाऱ्यावर ढकललं.

एक गंमत. माझ्या कॅम्रीच्या मागच्या खिशांतही पुदिन्याच्या गोळ्या आणि पाण्याच्या बाटल्या. माणसाला एखादी सवय लागली की लागली. राहू दिल्या.

३ जून
दुपारी वर जाऊन आलो. बाराव्या पेटीत मध साठतोय, राणी जोरात.

संध्याकाळी चहा पिताना व्याह्यांचा फोन. आधी पावसाची, माश्यांची चौकशी केली. मग म्हणाले, "व्याही, आज गाडी उघडली. मागचे खिसे पाहिले. डिकीही पाहिली."

"मध आवडला का?"

"म्हणजे तुम्हाला सगळं कळलं होतं."

मी ओळखलं. पिवळा पट्टा. अब्लिझने नवा शाफ्टही बाजारातलाच आणला होता, तोही त्यांनी पाहिला असणार. बिचारा!

"हो," म्हटलं, "गाडी पहिल्यांदा उघडली तेव्हाच कळलं."

"आणि कुणाला बोलला नाहीत. भर पंगतीत माझ्या ऑफिसची विचारपूस केलीत, सगळ्यांसमोर माझी बाजू राखलीत." त्यांचा आवाज त्या दिवशीसारखाच कापायला लागला. "दीड वर्ष झालं, व्याही. घरात माझ्या बायकोशिवाय कुणाला माहीत नाही. मुलालासुद्धा नाही. मला वाटायचं, ज्या दिवशी तुम्हाला कळेल त्या दिवशी तुमच्या नजरेतून उतरेन."

एका शाफ्टपायी दीड वर्ष झुरणारा माणूस मी पाहिला नव्हता. इतका साधा असेल असं वाटलं नव्हतं. मला माझी पहिल्या दिवशीची शेडमागे लपवलेली कॅम्री आठवली आणि एकदम त्यांच्याबद्दल माया वाटली. म्हणून मनात होतं ते सरळ बोललो.

"अहो व्याही, त्यात लाजायचं काय? खाली पाठ टेकून बघितलं की सगळं एकच असतं. वर कातडं लावलं काय, कापड लावलं काय. मी खाली जाऊन बघितलं, तेव्हाच मला तुम्ही आपले वाटलात. त्याआधी, खरं सांगतो, मी तुम्हाला घाबरत होतो."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "या शनिवारी मी काम ठेवत नाही. तुमच्या माश्या बघायला येऊ? सूट न घालता?"

"या की! जुने बूट आणा, वर चिखल आहे."

फोन ठेवून कनिपाला सगळं सांगितलं आणि विचारलं, माझ्या माश्यांचा आणि त्यांच्या सुटाचा संबंध काय. तिने माझा पेला घेतला, चहा ओतला, न मागता साय घातली आणि म्हणाली, "आज तुम्ही फार शहाण्यासारखं बोललात."

लग्नाला एकतीस वर्षं झाली. हे वाक्य पहिल्यांदाच ऐकलं, म्हणून वरच्या तारखेखाली दोन रेघा मारून ठेवल्यात.